बारावी सुई

आमच्या दुकानात सुया मोजायचा नियम माझा. त्यावरून सगळी गल्ली मला हसते. हसू दे. हरवलेली सुई शेवटी कुठे सापडते हे हसणाऱ्यांना माहीत नसतं. ती गिऱ्हाइकाच्या अंगात सापडते. दुकान उघडलं त्याच वर्षी एका नर्सच्या पांढऱ्या पँटच्या कमरपट्टीत माझी सुई राहिली, आणि बाई दवाखान्यात खुर्चीवर टेकल्या त्या किंचाळतच उठल्या. दवाखान्यातच टोचल्यामुळे इंजेक्शन जागच्या जागी मिळालं, असं त्या पुढे हसत सांगायच्या. मला मात्र पुढचे कित्येक दिवस त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवता आला नाही.

तेव्हापासून नियम. दुकानात हातशिलाईच्या सुया बाराच. संध्याकाळी काम आटोपलं की त्या मोजायच्या. बारा भरल्या नाहीत तर दिवा बंद होणार नाही आणि कुणी जेवायला बसणार नाही. जिच्या हातून हरवली तिनेच शोधायची, दुसरीने बॅटरी धरायची.

दुसरी म्हणजे माझी वहिनी. माझ्या धाकट्या भावाची बायको. वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवशी वहिनी म्हटलं ते तोंडात बसलं. भाऊ गेला तेव्हा त्याचा मुलगा दहा वर्षांचा होता. मी लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते आणि मला शिवणकाम येत होतं. तिला काहीच येत नव्हतं, आणि जाण्यासारखं माहेरही उरलं नव्हतं. म्हणून मग रस्त्याच्या बाजूला एक खोली दुकानाला, मागे दीड खोली राहायला, अशी आम्ही सुरुवात केली. नवे कपडे शिवायचे नाहीत, जुने नीट करून द्यायचे. पँटची लांबी कमी करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर, काजं, बटणं. सव्वीस वर्षं हेच केलं.

माझे हात चांगले. हे मी स्वतः म्हणते, कारण दुसरं कुणी तोंडावर म्हणत नाही. गिऱ्हाइकं माझ्यापाठी मला कात्री म्हणतात, जिभेवरून, आणि त्यांना वाटतं मला माहीत नाही. पण डोळे माझे पन्नाशीच्या आतच गेले. टाका मला बोटांनी कळतो, फक्त सुईचं नेढं काही केल्या दिसत नाही. तीन चष्मे झाले, तिन्ही चष्म्यांतून नेढं तेवढं गायब. वहिनीचे डोळे मात्र घारीचे. हाताला वळण बेताचंच, पण अंधाऱ्या कोपऱ्यातही ती एका फटक्यात दोरा ओवायची. म्हणून कामं आपोआप वाटली गेली. सकाळी मी चहा टाकेपर्यंत ती बारा सुया ओवून सुयांच्या उशीवर ओळीने टोचून ठेवायची. चार पांढऱ्या, तीन काळ्या, दोन निळ्या, एक करडी, एक तपकिरी, एक लाल. संपेल तशी पुन्हा ओवून द्यायची. दोघींत मिळून एक धड शिंपीण होती, असं म्हणायला हरकत नाही.

संध्याकाळची मोजणी आम्ही दोघी मिळून करायचो. मी एक म्हणायचं, तिने दोन. मी तीन, तिने चार. अकरा माझे असायचे, बारा तिचे. बारा म्हणताना तिचा हात आधीच दिव्याच्या बटणावर गेलेला असायचा. मग जेवण.

मागच्या वर्षी तिचं काम बिघडायला लागलं. आधी एखादी सुई रिकामी सापडायची. मग दोरा नेढ्यातून गेलेला, पण अर्धाच, दुसरा पदर बाहेर लोंबतोय. मी दुर्लक्ष केलं, म्हणजे फक्त दिवसातून दोनदा बोलले. मग एकदा काळ्याच्या जागी निळा दोरा आला. मला तो फरक दिव्याखाली दिसत नाही, मी तिच्या भरवशावर वकीलसाहेबांच्या काळ्या पँटला निळ्या दोऱ्याने तुरपाई घालून दिली. वकीलसाहेब कोर्टातून आले ते पाय काउंटरवर ठेवूनच. दुकानात चार माणसं होती. त्यांच्यादेखत मी वहिनीला म्हणाले, "आयुष्यात एक काम दिलं तुला. सुईत दोरा ओवायचं. तेही जमत नसेल तर इथे तुझा उपयोग काय?"

ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडण होऊन मिटलं असतं. तिने ती पँट घेतली, उसवत बसली. महिन्याने म्हणाली, "वन्सं, मी मुलाकडे राहायला जाऊ म्हणते." भाचा दुसऱ्या गावी नोकरीला असतो, बसने तीन तास. मी काज करत होते. मान वर न करता म्हणाले, "जा की. अडवलंय कुणी?"

ती गेली. आठ महिने झाले. फोन तिने करायचा, कारण गेली ती, असा माझा हिशेब. तिचा काय हिशेब होता कोण जाणे, तिनेही केला नाही. भाच्याचा फोन येतो महिन्यातून एकदा. तो म्हणतो, आई बरी आहे. मी म्हणते, बरं. तीन तासांचा रस्ता आम्हा दोघींनाही आठ महिने संपला नाही.

ती गेली त्या संध्याकाळी मी उशी पुढे घेतली आणि एक म्हटलं. मग थांबले. मीच दोन म्हणून बघितलं. रिकाम्या दुकानात माझाच आवाज मला इतका कसासाच वाटला की मी पुढे मोजलंच नाही. दिवा बंद केला आणि आत जाऊन उभ्याउभ्याच जेवले. त्यानंतर एकदाही मोजल्या नाहीत. मोजून कुणाला ऐकवायचं होतं?

दोरा ओवायची पातळ तारेची चकती मिळते बाजारात, ती आणली. तारच दिसत नाही, तर तारेतून दोरा काय दिसणार? शेवटी एक युक्ती काढली. गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्या हातात सुई आणि दोरा द्यायचा. काम नंतर. समोरचा बेकरीवाला ओवून देतो, त्याच्या हाताचं पीठ दोऱ्याला लागतं. शाळेच्या बाई ओवतात आणि झालं की शाबासकी मिळाल्यासारखं तोंड करतात. वकीलसाहेबांनीही ओवली आहे. लोकांना वाटतं म्हातारी गमतीची झाली. म्हातारी एकटी पडली आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही, आणि मी येऊ देतही नाही.

बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा मला गेल्या महिन्यात सापडला. अस्तरांच्या गठ्ठ्यामागे, फडताळाच्या तळाशी. उघडला तर आत वहिनीची ठेव. तिला नटवानटवीची हौस. लेसचा हातभर तुकडा फेकायचा म्हटलं की तिचा जीव वर-खाली व्हायचा. कधीतरी एका बाईच्या पर्समध्ये तिने सुयांची वही बघितली होती. हातावर मावेल एवढी, कापडी पुठ्ठ्याची, आत लोकरीची पानं, पानांत सुया टोचलेल्या आणि वरून मणी, बटणं, भरतकाम. महिनाभर तिच्या डोक्यात तेच. "वन्सं, आपल्या सुयांना अशी वही करू या का?" मी म्हणाले होते, "आपण कपडे दुरुस्त करतो, केक सजवत नाही. उशी काय वाईट आहे?" ते तिने मनावर घेतलं असेल हे मला माहीत होतं. पण तिने त्यानंतरही गुपचूप जमवाजमव केली होती हे मला माहीत नव्हतं. डब्यात कागदाचा बेतलेला नमुना होता. गडद हिरव्या मखमलीचा तुकडा नमुन्याबरहुकूम कापलेला, कडा जराशा वाकड्या, तिच्याच. एका पुडीत मणी, एका पुडीत टिकल्या, दोरीत ओवलेली शिंपल्याची पाच बटणं. सगळं तयार होतं. फक्त शिवलेलं नव्हतं, कारण शिवणारी मी होते.

मी तो डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. मग काउंटरखालची कात्री घेतली.

खरं सांगायचं तर मला तिची माफी हवी होती आणि मागायची नव्हती. फोन करून काय बोलणार? माझं तोंड उघडलं की त्यातून काय निघेल याची मला स्वतःलाच खात्री नसते. हात मात्र कधी वाकडं बोलत नाहीत. वही करायची, पाठवायची. तिला कळायचं ते कळेल. आणि ती मला फोन करेल. एवढं सगळं त्या वीतभर मखमलीवर टांगलेलं होतं.

दुपारी दुकान दोन तास बंद असतं, त्या वेळात मी ती शिवली. पहिल्यांदा पानं. माझा जुना लोकरी कोट होता, करडा, कोपरांना विरलेला. त्याच्या पाठीतून चार पानं काढली. लोकरीत सुई गंजत नाही आणि निसटतही नाही. कडा दातेरी कात्रीने कापल्या. दोन पानांवर बारा बारीक खुणा भरल्या, सहा आणि सहा, ज्या रंगाचा दोरा त्या रंगाची खूण. चार पांढऱ्या, तीन काळ्या, दोन निळ्या, एक करडी, एक तपकिरी, एक लाल. काळ्या आणि निळ्या खुणा मी बेकरीवाल्याला दाखवून तपासून घेतल्या. आता पुन्हा ती चूक नको होती.

मग पुठ्ठ्याचं भरण. मखमल आणि अस्तर यांच्यामध्ये पातळ पांढरा कापूस घालायचा, म्हणजे हाताला मऊ लागतं. त्या दिवशी शाळेच्या बाईंनी मला चारही पांढऱ्या सुया ओवून दिल्या होत्या. मी कापूस अस्तरावर धावदोऱ्याने टाचत होते, एवढ्यात बाईच दार वाजवायला लागल्या, छत्री विसरली म्हणून. छत्री काही सापडेना, मग शाळेतल्या मुख्याध्यापकांच्या चार तक्रारी ऐकल्या, मग छत्री त्यांच्याच हातात निघाली. परत येऊन बसले, वर मखमल ठेवली आणि लाल दोऱ्याने कडेने काजटाका घालायला घेतला. माझा काजटाका बघण्यासारखा असतो. एकही टाका दुसऱ्यापेक्षा लांब नाही.

त्यानंतरचे दिवस मी अक्षरशः चैन केली. सत्तर पार केलेली बाई टिकल्यांत रमली होती. मखमलीवर साखळी टाक्याची वेल काढली, पाकळ्यांना मणी, मधोमध एकेक टिकली. तिच्या वाकड्या कापलेल्या कडेवर लेस बसवली. शिंपल्याची चार बटणं कोपऱ्यांना, पाचवं बंद करायला आणि त्याला दोऱ्याचा गोफ. दुकानातल्या बटणांच्या बरणीतूनही थोडी भर घातली. आठवणीतली गिऱ्हाइकं निवडली. नर्सबाईच्या पांढऱ्या कोटाचं बटण, एका पोस्टमनचं पितळी, आणि भाच्याच्या शाळेच्या शर्टाचं निळं, ते मात्र आतल्या बाजूला, तिच्यासाठी. वही उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. फार सुंदर झाली होती. ते बघायला घरात कुणी नव्हतं, आणि त्याचं मला इतकं वाईट वाटलं की मी उठून बेकरीवाल्याला बोलावून आणलं. तो म्हणाला, "छान आहे. पाकीट का?"

बारा नव्या सुयांची पुडी आणून त्या खुणांवर टोचल्या. सोबत चिठ्ठी लिहायला बसले. "खुशाल असशील" एवढं लिहिलं आणि कागद फाडला. चिठ्ठीशिवायच सोमवारी टपाल कार्यालयात नेऊन दिली. कारकुनाने विचारलं आत काय, मी म्हटलं शिवणकाम. पार्सल चार दिवसांत पोचेल म्हणाला.

गुरुवारी सकाळी बेकरीवाला त्याचे पांढरे अंगरखे घेऊन आला. मी सवयीने उशी त्याच्यापुढे केली, पांढरा दोरा दिला. त्याने ओवून परत दिली. "पांढऱ्या तीनच आहेत," म्हणाला.

मी म्हटलं, नीट बघ. त्याने नीट बघितलं. मी बोटांनी चाचपलं. सगळ्या मोजल्या, एकटीनेच, सलग. अकरा.

बेकरीवाला गेल्यावर मी दुकान उलटंपालटं केलं. चुंबक फिरवलं जमिनीवरून, काउंटरखाली, यंत्राच्या पायाशी. दुरुस्त होऊन टांगलेले कपडे एकेक करून चिमटीतून काढले. बॅटरी एका हातात आणि दुसऱ्या हाताने शोधायचं, यात काही अर्थ नसतो, उजेड हवा तिथे कधीच पडत नाही. घामाघूम होऊन खाली बसले आणि मनातल्या मनात मागे मागे जायला लागले. चार पांढऱ्या शेवटच्या कधी होत्या? शाळेच्या बाईंनी ओवल्या तेव्हा. मग मी भरण टाचत होते. मग दार वाजलं. मी सुई कुठे ठेवली?

कापसात. दार उघडायला उठताना मी ती कापसात खोवून ठेवली होती. पांढऱ्या कापसात पांढऱ्या दोऱ्याची सुई. परत येऊन वर मखमल घातली आणि माझा तो बघण्यासारखा काजटाका घालून सुईला आत कोंडून टाकलं.

आणि वहिनीची सवय मला माहीत आहे. हाताने केलेली कुठलीही वस्तू मिळाली की ती आधी दोन्ही तळव्यांमध्ये धरून चांगली दाबून बघते, भरण कसं आहे ते. उशी असो, खांद्याची गादी असो, तिला दाबल्याशिवाय चैन पडत नाही. वही ती दाबणार. आणि सव्वीस वर्षं सोबत राहिलेल्या वहिनीला, जिला मी चारचौघांत नको ते बोलले, तिला माझ्याकडून आठ महिन्यांनी काय मिळणार तर तळहातात सुई. मुद्दाम केलं असंही वाटेल तिला. चिठ्ठीही नाही सोबत.

भाच्याला फोन करावा, त्याला सांगावं, असं आधी मनात आलं. पण तो कामावर असतो, संध्याकाळी सांगेल, आणि सांगताना हसेल. पार्सल आजही येऊन पडलं असेल. मी फोन हातात घेतला, ठेवला, पाणी प्यायले, पुन्हा घेतला. माझा हिशेब होता की फोन तिने करायचा. त्या हिशेबाला आता कोण विचारतंय, असं स्वतःलाच मोठ्याने म्हणाले आणि तिचा नंबर लावला.

फोन भाचेसुनेने उचलला.

"वहिनीला दे," मी म्हणाले. "ताबडतोब दे."

"आत्या? तुम्ही?" ती गडबडलीच. "देते. त्या गॅलरीत बसल्यात. आत्या, पार्सल आलं बरं का सकाळीच. तेव्हापासून मांडीवर घेऊन बसल्यात त्या. जेवायलाही उठल्या नाहीत."

"दाबून बघितली का तिने?"

"काय?"

"वही गं! हाताने दाबून बघितली का?"

"आत्या, त्या हातानेच बघतात आता सगळं. म्हणजे... तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का?"

"काय सांगायचं मला?"

तिने आवाज खाली आणला. वहिनीचे डोळे गेले होते. सगळे नाही. कडेचं दिसतं, दार दिसतं, माणूस आला हे कळतं, पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेवढंच नेमकं दिसत नाही, मधोमध काळा डाग. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन वर्षांपासून सुरू झालं असणार, आता परत येणार नाही. "आई म्हणाल्या, आत्यांना कळवायचं नाही. यांनाही शपथच घातली होती. आम्हाला वाटलं, एव्हाना त्यांनीच कधीतरी सांगितलं असेल."

दीड-दोन वर्षं. मी स्टुलावर बसले. बरोबर समोर बघितलं की तेवढंच दिसत नाही. सुईचं नेढं म्हणजे तर फक्त समोर बघायची गोष्ट. मला तो निळा दोरा आठवला आणि काउंटरवर ठेवलेला वकीलसाहेबांचा पाय आठवला आणि ती खाली मान घालून पँट उसवत बसली होती ते आठवलं. उसवताना ती कापडाकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघत होती. मला वाटलं होतं, रुसली आहे.

"वन्सं," फोनवर वहिनी आली होती.

मी विचारलं, "टोचली का?"

"नाही. लागली हाताला. वरच्या पुठ्ठ्यात आहे, कडेपासून दोन बोटं आत. पांढरी असेल ना?"

"पांढरीच."

"आतल्या बारा मोजल्या मी. ही तेरावी, म्हणजे दुकानातली. दुकानात अकरा राहिल्या. वन्सं, तुम्ही मोजत नाही."

"नाही."

"कधीपासून?"

"तू गेलीस तेव्हापासून." आता बोलायला लागलेच होते. "एकटीने कशा मोजायच्या? दोन कोण म्हणणार? उभ्याने जेवते मी. सुया ओवायला रस्त्यावरचा माणूस बोलावून आणते. मला इथे फार एकटं वाटतं, वहिनी."

मी सुयांची उशी मांडीवर ओढली.

"मी तुला बोलले ना," मी म्हणाले, "ते..."

"कुठलं? तुम्ही पुष्कळ बोलता."

"निळ्या दोऱ्याच्या वेळचं. उपयोग काय, म्हणाले ते. चुकलं माझं. आणि अडवलंय कुणी म्हणाले, तेही."

"हं," ती म्हणाली. जाऊ दे म्हणाली नाही. तिने म्हणावं असा माझा हक्कही नव्हता.

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सुया काढून घेतल्या असत्या माझ्याकडून. तेही प्रेमाने. ते मला सोसलं नसतं. बोलणी सोसत होते मी."

"ओवत कशी होतीस मग?"

"जिभेवर. नेढं जिभेच्या टोकाला लावायचं, दोरा आत शिरला की कळतो. पहाटे उठून ओवायचे, तुम्ही बघू नये म्हणून. तास लागायचा बाराला. रंग मात्र जिभेला कळत नाही ना." ती थोडीशी हसली. मला हसता आलं नाही. मी चहा टाकायचे तेव्हा बारा सुया ओळीने तयार असायच्या, आणि त्या कशा तयार होतात हे मी सव्वीस वर्षांत एकदाही वळून बघितलं नव्हतं.

"वही कशी झाली?" मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, काय विचारलं मी हे.

"वेल हाताला लागते. मणी मोजले, एकोणचाळीस. एका पाकळीला एक कमी आहे. आतलं बटण त्याच्या शाळेच्या शर्टाचं, हो ना? चार भोकं आणि कड तुटलेली." मग म्हणाली, "हिरवी मखमल ना ती? माझी?"

"तुझीच. कड वाकडी कापली होतीस."

"मग लेस का लावलीत? राहू द्यायची वाकडी."

मी नाक पुसलं. "ती सुई आधी बाहेर काढ. सुनेला दे, कडेचा टाका उसवून काढेल ती. चुकून दाबलीस तर टोचेल."

"ती काढते म्हणाली. मी हात लावू दिला नाही."

"का?"

"जिच्या हातून हरवली तिने शोधायची."

"शोधायची कसली त्यात! कुठे आहे माहीत आहे की."

"मग काढायची. तुम्ही या आणि काढा, वन्सं. तुमचा टाका मी दुसऱ्याला उसवू देणार नाही."

मी रस्त्याकडे बघत होते. बेकरीवाला त्याच्या पायरीवर पाणी मारत होता. "आणि बॅटरी कोण धरणार?" मी कशीबशी म्हणाले.

"मी धरते," वहिनी म्हणाली. "दिसत नसलं तरी बॅटरी धरता येते मला."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ रडले. मग तोंड धुतलं, बेकरीवाल्याचे अंगरखे घडी करून त्याच्या दुकानात नेऊन दिले आणि सांगितलं, सोमवारपर्यंत काम होणार नाही. पिशवीत दोन कपडे, चष्मा आणि उसवायचं पातं घेतलं. पाच वाजता बस होती.

निघताना उशी पुढे घेतली. एक म्हटलं. मग थोडं थांबले, दोन म्हणायला लागतो तेवढा वेळ, आणि बोट पुढच्या सुईवर नेलं. तीन. पुन्हा थांबले. पाच. सात. नऊ. दुकानात माझा आवाज अजूनही कसासाच वाटत होता, पण मध्ये सोडलेल्या जागा तशा वाटत नव्हत्या. अकरा म्हटलं. पुढचा आकडा माझा नव्हता.

बाहेर येऊन कुलूप लावलं. चार पावलं गेले नाही तो समोरून बेकरीवाला ओरडला, "ताई, अहो दिवा चालू राहिला आत!"

"राहू दे," मी म्हणाले. "मोजून व्हायच्यात अजून."